नऊ ली चांदी

लिऊ माओ नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याची शवपेटी चीनच्या शान्तुंग प्रांतातल्या एका सराईत अडकून पडली होती. ती गावी न्यायची तर गाडी हवी, खेचरं हवीत, खांदा द्यायला हमाल हवेत. पण वाटेवरचा एकही गाडीवान तयार होईना, एकही हमाल पुढे येईना. मिंग काळाच्या अखेरच्या बखरवजा नोंदींत ही गोष्ट येते. पेटी वर्षभर तिथेच राहिली असंही त्या सांगतात. कारण सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. सरकारी डाकचौक्यांवरचा खर्च कापा, हा सल्ला १६२९ मध्ये बादशहाला देणारा माणूस हाच. रस्त्यावर ज्यांचं पोट होतं त्यांचं काम याच्या एका अर्जामुळे गेलं, आणि आता याची पेटी त्याच रस्त्याने जाणार होती.

मिंग घराण्याचा अस्त म्हटलं की कोळशाच्या टेकडीवर गळफास घेतलेला बादशहा डोळ्यांपुढे येतो, शानहायच्या खिंडीचं दार उघडणारा सेनापती वू सानग्वेई येतो, उत्तरेकडून उतरणारे मांचू घोडेस्वार येतात. ते सगळं खरंच आहे. तरी मला ही पेटी सोडत नाही. मेलेल्या माणसाची पेटीसुद्धा उचलायची नाही इतका राग साध्या गाडीवानांच्या मनात कशाने साठला असेल? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की लिऊ माओचं चुकलं तरी काय होतं?

कारण डाकचौक्यांत भ्रष्टाचार होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता. चीनभर अशा हजाराच्या आसपास चौक्या होत्या. साधारण तीस ते पंचेचाळीस किलोमीटरला एक चौकी, नद्या-कालव्यांच्या मुलखात घोड्यांऐवजी होड्या. चौकीवर घोडे, त्यांचा चारा, खोगीर, मुक्कामाला खोली, जेवण आणि ओझं वाहायला माणसं, एवढं सज्ज असायचं. खर्च आसपासच्या गावांवर. सरकारी खलिता घेऊन जाणारा किंवा बदलीवर निघालेला अधिकारी आपला परवाना दाखवायचा, आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतके घोडे आणि हमाल त्याला मिळायचे. दुखणं त्या परवान्यातच होतं. काम संपलं की तो परत करायचा असे, पण करत कोणी नव्हतं. परवाने मुलांना, जावयांना, मित्रांना उसने दिले जात. दहा माणसं लिहिलेली असली की वीस मागायची. माणसांची गरज नसली तर त्यांच्याऐवजी रोख पैसे घ्यायचे. शू श्याखे हा त्या काळातला मोठा भटका प्रवासी. हौसेखातर डोंगर आणि गुहा पाहत फिरणाऱ्या या माणसाने ग्वांगशी प्रांतात ओळखीच्या अधिकाऱ्याकडून मिळालेल्या परवान्यावर गावोगाव हमाल काढले होते. आणि हे सगळं कपात होऊन सात-आठ वर्षं उलटल्यावर, १६३७–३८ च्या सुमारास!

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. कपात झाली ती चौकीवरच्या माणसांची आणि घोड्यांची. परवाने हातोहात फिरतच राहिले. वर्षाला सहा लाख लिआंगहून अधिक चांदी वाचली असा हिशेब दरबारात मांडला गेला. लिआंग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम, आपल्या तीन तोळ्यांहून थोडी जास्त. कागदावर बचत खरी होती. पण चौकी ही सरकारी टपालाची सोय असली तरी तिच्याभोवती एक अख्खा थर जगत होता: घोडे राखणारे, चारा कापणारे, रात्री-अपरात्री ओझं वाहणारे, हिवाळ्यात शेत उजाड पडलं की चार पैशांसाठी रस्त्यावर येणारे. हे लोक दणकट होते, घोड्यावर बसू शकत होते, घाट आणि खिंडी त्यांना पाठ होत्या. राज्याने त्यांना एका सहीने मोकळं सोडलं, तेही वायव्येच्या शाआन्शी प्रांतात दुष्काळ पडलेला असताना.

त्यांतला एक मीझी तालुक्याचा, तेविशी-चोविशीचा ली झिचेंग.

त्याची नोकरी नेमकी कपातीत गेली की खलिता हरवल्यामुळे आधीच गेली होती, यावर मतभेद आहेत. पण तो चौकीवरचा माणूस होता आणि बेकार झाला होता, यावर नाहीत. चौदा-पंधरा वर्षांनी तो बीजिंगच्या सिंहासनाच्या दालनात शिरला. चोंगझेन बादशहाने डाकचौक्या कापल्या नसत्या तर मिंग राज्य टिकलं असतं, असं विधान सोपं आहे, आणि मी ते करणार नाही. ली झिचेंग नसता तर त्या जागी दुसरा कोणी उभा राहिला असता. तेव्हाच्या शाआन्शीत डझनावारी टोळीनायक फिरत होते. कपातीने एवढंच केलं की भुकेलेल्या शेतकऱ्यांना वाटाड्ये आणि घोडेस्वार मिळवून दिले.

भूक कशी होती ते त्याच वर्षी मा माओत्साय या अधिकाऱ्याने बादशहाला लिहून कळवलं. तो मूळचा तिकडचाच, यानआन भागातला. त्याचा अर्ज वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात आक्रोश नाही, क्रम आहे. आठव्या-नवव्या महिन्यात लोक डोंगरातलं रानगवत खुडून खात होते; त्याचं बी कोंड्यासारखं, चवीला कडू. दहाव्या महिन्यात गवत संपलं, मग झाडांच्या साली. त्यांत एल्मची साल त्यातल्या त्यात बरी, म्हणून तिच्यात इतर साली मिसळायच्या. वर्ष सरता सरता सालीही संपल्या, तेव्हा डोंगरातले मऊ दगड खणून खाल्ले. ते थंड असतात, थोड्यानेच पोट भरल्यासारखं वाटतं, आणि काही दिवसांत पोट फुगून माणूस मरतो. ज्यांना दगड खाऊन मरायचं नव्हतं ते दरोडे घालू लागले. तो पुढे म्हणतो की पकडले गेलेले लोक शांत असतात. उपाशी मरण्यापेक्षा दरोडेखोर म्हणून मेलेलं बरं, निदान भरल्या पोटी तरी मरू. हा अर्ज दरबारात पोहोचला. वाचलाही गेला असेल. दोनच वर्षांत दख्खन, खानदेश आणि गुजरातेत १६३० ते १६३२ चा तो भीषण दुष्काळ पडला, ज्यात आपल्याकडची गावंच्या गावं ओस पडली. दोन्हींचं कारण एकच होतं असं मी म्हणत नाही. पण १६३० चं महाराष्ट्रातलं गाव ज्याला कल्पनेत दिसतं, त्याला मीझी तालुका परका वाटू नये.

दुष्काळ आभाळातून येतो. सारा मात्र माणूस ठरवतो.

मिंग राज्याचा सारा फार जास्त होता अशी सर्वसाधारण समजूत आहे. आकडे पाहिले की ती डळमळते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात धान्य, वेठ आणि गावोगावच्या जिन्नसांच्या रूपातली शेकडो देणी गोळा करून एकाच चांदीच्या रकमेत बसवण्याची पद्धत रूढ होत गेली, आणि १५८१ मध्ये महामंत्री झांग जूझेंगने ती देशभर लागू केली. कल्पना उत्तम होती. पूर्वी गावच्या माणसाला महिनोन्महिने वेठीवर जावं लागे, वाटेत धान्य सडलं तर त्याची भरपाई त्यालाच करावी लागे. आता चांदी मोजली की सुटका. रेशीम आणि कापूस पिकवणाऱ्या यांगत्सेच्या मुखाकडच्या प्रदेशात ती चाललीही, कारण तिथे चांदी बाजारात खेळत होती. शाआन्शीच्या पिवळ्या मातीच्या टेकड्यांवर ज्वारी-राळा पिकवणाऱ्या माणसाकडे चांदी कुठून येणार? त्याने काय करायचं ते ठरलेलंच होतं: सुगी झाली की धान्य बाजारात न्यायचं, सगळे एकदमच विकायला आल्यामुळे भाव पडलेला असताना विकायचं, हातात आलेली तांब्याची नाणी सराफाकडे देऊन चांदी घ्यायची आणि तिथे बट्टा सोसायचा. ही चांदी शिक्का मारलेली नसे. तुकडे असत, काट्यावर तोलून घ्यायचे, कस पाहायचा. कचेरीत कारकून आपल्या काट्यावर पुन्हा तोलणार. मग हे तुकडे वितळवून पन्नास-पन्नास लिआंगच्या विटा होणार, वितळवताना थोडी चांदी जळते, म्हणून ‘आगीची घट’ या नावाने वर आणखी काही टक्के. भट्टीत घट होते ती अगदी थोडी. वसूल होणारी तिच्या कित्येक पट, आणि तो फरक कचेरीतच जिरायचा.

या जमिनीवर १६१८ पासून मांचूंशी लढण्यासाठी ‘ल्याओ पट्टी’ बसली. आधी दर मूला साडेतीन ली, पुढच्या वर्षी आणखी साडेतीन, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. एकूण नऊ ली. लिआंगचा हजारावा भाग म्हणजे एक ली, आणि मू म्हणजे जवळपास सहा गुंठे. म्हणजे सहा गुंठ्यांमागे गुंजांच्या हिशेबात तीन गुंजांहूनही कमी चांदी. ऐकायला काहीच नाही! सगळ्या देशातून मात्र वर्षाला ५२ लाख लिआंग जमा होणार होते. दर जवळजवळ सगळीकडे सारखा, हे त्यातलं विष. यांगत्सेकाठची दोन पिकं घेणारी भातखाचरं आणि तीन वर्षांत एकदा धड पिकणारी शाआन्शीची टेकडी, दोघींच्या मूवर तेवढेच नऊ ली. १६३१ पर्यंत त्याचे बारा झाले. १६३७ मध्ये बंडखोरांना दडपण्यासाठी दुसरी पट्टी आली, १६३९ मध्ये नवं सैन्य शिकवण्यासाठी तिसरी, तीच ७३ लाखांची. दडपायच्या बंडखोरांत नवी भरती कुठून होत होती? पट्टी न भरता आल्याने गाव सोडलेल्यांची. गाव सुटलं की त्याच्या वाट्याची रक्कम मागे राहिलेल्या शेजाऱ्यांवर पडे, कारण तालुक्याचा कोटा ठरलेला. मग शेजारीही उठत.

चांदीचा ओघच आटला होता का, हा इतिहासकारांचा जुना वाद आहे, आणि त्यात आपलं गोवा थेट येतं. लिस्बनहून आलेले स्पॅनिश रिआल गोव्यात उतरत, तिथून मलाक्का आणि मकावला जात. मकावहून रेशीम घेऊन पोर्तुगीज जहाज नागासाकीला जाई आणि जपानी चांदी घेऊन परते. मेक्सिकोची चांदी वेगळ्या वाटेने, मनिलामार्गे येत असे. १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धात डचांनी मांडवीच्या तोंडाशी जहाजं आणून वर्षामागून वर्ष गोव्याची कोंडी केली, १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना कायमचं हाकललं, १६४१ मध्ये मलाक्का डचांच्या हाती गेलं. हे सगळं एका माळेत ओवून ‘चांदी थांबली म्हणून मिंग बुडाले’ असं म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. पोर्तुगीजांची जागा बऱ्याच अंशी डच आणि चिनी जहाजांनी भरून काढली होती. शिवाय समुद्रावरून आलेली चांदी मीझी तालुक्यापर्यंत कधी पोहोचतच नव्हती. किनाऱ्यावर पूर आला काय किंवा ओहोटी लागली काय, डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरी ती दुर्मीळच होती.

पैसा देशात होता. तो कुठे होता ते उघड होतं, आणि तिकडे हात लावायची सोय नव्हती. घराण्याच्या संस्थापकाने आपल्या सगळ्या वंशजांना मोईन लावून दिली होती. त्यांनी काम करायचं नाही, व्यापार करायचा नाही, फक्त राजघराण्याचं म्हणून जगायचं. अडीचशे वर्षांत त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. १५६२ मध्येच लिन रुन या अधिकाऱ्याने हिशेब मांडला होता: राजधानीला वर्षाला येणारं धान्य ४० लाख शी (शी हे धान्याचं माप), आणि राजवंशीयांची मोईन ८५ लाख ३० हजार शी. होनान प्रांतात शिल्लक राहणारं धान्य ८ लाख ४३ हजार, तिथल्या राजवंशीयांना द्यायचं १९ लाख २० हजार. हा हिशेब पाहूनही काही फार बदललं नाही. चोंगझेनचा सावत्र काका, फूचा राजपुत्र, लोयांगमध्ये राहत होता. त्याला वीस लाख मू जमिनीचं उत्पन्न तोडून दिलेलं. १६४१ मध्ये बंडखोर शहरावर आले तेव्हा तटावरच्या शिपायांचा पगार थकलेला होता. शिपायांनीच दरवाजे उघडले, आणि राजपुत्र मारला गेला.

शिपायांचं उपाशी राहणं हे नुसत्या टंचाईमुळे होतं असंही नाही. कधी कधी ते कारभाराच्या नियमातच बसलेलं असे. १६२९ च्या हिवाळ्यात मांचू थेट बीजिंगच्या तटाखाली आले तेव्हा शान्शी प्रांताचा (हा शाआन्शीचा पूर्वेकडचा शेजारी) सुभेदार गंग रूची पाच हजार निवडक माणसं घेऊन धावून आला. नियम असा होता की फौज नेमलेल्या ठिकाणी पोहोचली की दुसऱ्या दिवशी शिधा मिळणार. युद्धखात्याने त्यांना पहिल्या दिवशी थोंगचौला पाठवलं, दुसऱ्या दिवशी छांगपिंगला, तिसऱ्या दिवशी ल्यांगशियांगला. रोज नवं ठिकाण, म्हणून रोज ‘उद्या मिळेल’. बर्फात तीन दिवस उपाशी चालल्यावर ती माणसं लुटालूट करून पांगली, आणि बरीचशी बंडखोरांना मिळाली. जबाबदारी ठरवून सुभेदाराला मृत्युदंड दिला गेला. नियम लिहिणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

चोंगझेनविषयी माझ्या मनात राग आणि कणव दोन्ही आहेत, आणि ते वेगळे करता येत नाहीत. सोळाव्या वर्षी गादीवर आला, आणि काही महिन्यांतच सर्वसत्ताधीश झालेल्या वेई झोंगश्यान या खोजाला त्याने दूर केलं. पहाटे उठून दप्तर वाचायचा, ठिगळाचे कपडे घालायचा असं सांगतात. त्याचे आजोबा वानली बादशहा वर्षानुवर्षं दरबारात फिरकत नसत. हा एक दिवस चुकवत नसे. पण त्याला कोणाचाच भरवसा नव्हता. सतरा वर्षांत पन्नासच्या आसपास महामंत्री बदलले. मांचूंना अडवू शकणारा युआन चोंगहुआन त्याने १६३० मध्ये राजद्रोहाच्या संशयावरून हालहाल करून मारवला. १६४२ मध्ये मांचूंशी तहाची बोलणी करायची आज्ञा त्याने स्वतःच युद्धमंत्री चेन शिनज्याला गुपचूप दिली. चेनच्या नोकराने टेबलावरचा गुप्त कागद साधी बातमी समजून सरकारी बातमीपत्रासाठी नकलायला दिला. दरबारात गदारोळ उठला. आणि बादशहाने जबाबदारी झटकून चेनचा शिरच्छेद करवला.

त्यानंतर दरबारात तोंड उघडणार कोण?

म्हणून १६४४ च्या वसंतात दक्षिणेला नानजिंगला निघून जावं का, हा प्रश्न आठवडेच्या आठवडे लोंबकळत राहिला. बादशहाला जायचं होतं, पण हा सल्ला आपल्याला दुसऱ्या कोणी तरी द्यावा असं त्याला वाटत होतं. मंत्र्यांना चेन शिनज्याचं डोकं आठवत होतं. खजिना जवळजवळ रिकामा, आदल्या वर्षीच्या साथीत शहर अर्धमेलं झालेलं, तटावर उभे राहायला माणसं पुरत नव्हती. तेव्हा बादशहाने वर्गणी मागितली. त्याचे सासरे झोऊ क्वेई यांनी आधी दहा हजार लिआंग देऊ केले. अधिक मागितले तेव्हा लेकीकडे, म्हणजे सम्राज्ञीकडे, मदत मागितली. तिने स्वतःजवळचे पाच हजार गुपचूप पाठवले, त्यांतले दोन हजार सासरेबुवांनी ठेवून घेतले. सगळ्या दरबाराकडून मिळून जेमतेम दोन लाख जमले. शहर पडल्यावर ली झिचेंगच्या लोकांनी याच झोऊ क्वेईकडून पाच लाखांवर चांदी काढली, असं तत्कालीन नोंदी म्हणतात. डाकचौक्यांच्या कपातीतून वर्षभरात जेवढी वाचली, जवळजवळ तेवढी. एका घरातून.

२५ एप्रिल १६४४ च्या पहाटे बादशहाने दरबाराची घंटा वाजवली. कोणी आलं नाही. सम्राज्ञीने आदल्या रात्रीच गळफास घेतला होता, आणि बादशहाच्या तलवारीने एका लेकीचा जीव आणि दुसरीचा हात गेला होता. तो टेकडीवर गेला, सोबतीला वांग चंगएन हा एकटा खोजा.

‘राजा छ्वांग येतो आहे, दारं उघडा, सारा द्यावा लागणार नाही’ हे ली झिचेंगचं, म्हणजे या ‘राजा छ्वांग’चं, गाणं पोराटोरांच्या तोंडी होतं. वचन खरं होतं, पण सारा न घेता फौज पोसायची कशी याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. मग बीजिंगमध्ये अधिकाऱ्यांच्या पायांना लाकडी चाप लावून चांदी काढणं सुरू झालं. वू सानग्वेईचा बाप त्यात सापडला, असं म्हणतात. शानहायचं दार मांचूंना उघडण्यामागे हे एक कारण असावं. वू सानग्वेईची आवडती सुंदर दासी बंडखोरांनी हिरावली, या लोकप्रिय कथेपेक्षा मला ते अधिक पटतं. सहा आठवड्यांत ली झिचेंगला शहर सोडावं लागलं, आणि वर्षभरात तो हूपेईच्या डोंगरात मारला गेला.

जूनमध्ये मांचूंचा राजप्रतिनिधी दोरगोन बीजिंगमध्ये शिरला, आणि थोड्याच आठवड्यांत त्याने मिंगांच्या तिन्ही पट्ट्या रद्द केल्याची घोषणा केली. शहाणपणाचं पाऊल होतं, आणि उत्तरेकडच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. पण नवी सारादप्तरं लिहिताना पाया धरला तो वानलीच्या काळातल्या जुन्या आकड्यांचा, आणि वानलीच्या शेवटच्या वर्षी ते नऊ ली त्या आकड्यांत होतेच. मांचूंशी लढण्यासाठी बसवलेली पट्टी अशा रीतीने मांचूंचा नेहमीचा सारा झाली. पुढे गु यानवू हा मिंगांशी निष्ठा राखणारा विद्वान त्याच शाआन्शी प्रांतात फिरला. त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं, घराघरात धान्य होतं, आणि लोक बायका-मुलं विकत होते, कारण सारा चांदीत भरायचा होता आणि चांदी नव्हती. वसुलीच्या दिवशी सगळं गाव विक्रीसाठी बाहेर पडे. त्याला ‘माणसांचा बाजार’ असंच नाव पडलं होतं. त्याने तिथल्या अधिकाऱ्याला आकडा विचारला. सैन्याच्या छावणीला विकलेल्या माणसांच्या कागदांवर शिक्का मारून घ्यायला एका तालुक्यातून वर्षाला हजाराच्या आसपास लोक येतात, असं उत्तर मिळालं. जे पळून गेले किंवा ज्यांनी जीव दिला, त्यांची नोंद नव्हती.